प्रोसिडिंगला घ्या म्हणावं: ग्रामसभेत विषय मांडून तो तडीस कसा न्यायचा

ग्रामसेवक म्हणून माझी सगळी नोकरी माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. मी निवृत्त झाल्यावर, २०२४ साली, शासनानं ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केला आणि तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’. गावात अजून कुणी ‘भाऊसाहेब’ अशी हाक मारली की दोघंही मान वर करतात.

हे लिहायला बसलो ते गावच्या पोरांसाठी. ती ग्रुपवर पंचायतीला शिव्या घालतात, फुटलेल्या पाइपाचे फोटो टाकतात, आणि ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात तीच ती पंधरा-वीस पांढऱ्या टोप्यांची माणसं बसलेली असतात. तहसीलदाराकडे, आमदाराकडे, मंत्रालयात तुम्ही अर्जदार म्हणून उभे राहता. ग्रामसभेत तुम्ही सभासद असता. राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीनं (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) तुमचं नाव मतदार यादीत आहे एवढ्याच कारणावरून तुम्हाला ही खुर्ची दिली आहे. ती वापरायची कशी, तेवढंच सांगतो.

काम कुणाचं, हे आधी बघा

निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडतात. गावातले अंतर्गत रस्ते, गटार, दिवाबत्ती, नळपाणी, घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद हे पंचायतीचं. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. सातबारा, फेरफार, पिकांचा पंचनामा महसूल खात्याचा, म्हणजे तलाठी, मंडल अधिकारी, तहसील. रेशनकार्डासाठी तहसीलची पुरवठा शाखा. दिव्याचा बल्ब पंचायत बदलेल, पण डीपी जळाला तर महावितरण. पासपोर्ट दिल्लीचा.

सातबाऱ्यावरच्या चुकीसाठी सरपंचाला ग्रामसभेत धारेवर धरणारे मी पुष्कळ पाहिले. सरपंचाच्या हातात तिथं काही नसतं, तो ऐकून घेतो आणि सभेचा वेळ जातो. ज्याला निकाल नको असतो त्याला असा वेळ गेलेला हवाच असतो. मात्र दुसऱ्या खात्याचं काम असलं तरी त्या खात्याकडे मागणी करणारा ठराव ग्रामसभा घेऊ शकते. डॉक्टर नाही, एसटी येत नाही, असले विषय त्याच वाटेनं न्यायचे.

सरकार लागतं कशाला

गटाराचंच घ्या. वरच्या आळीचं सांडपाणी खालच्या आळीत उतरतं. गटार झालं पाहिजे यावर गावात दुमत नसतं. गटार माझ्या उंबऱ्यासमोरून जाऊ नये, यावरही नसतं. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी बसून हे मिटलं असतं तर पंचायत काढायची गरजच नव्हती.

जत्रेची कमिटीसुद्धा ठरवते, वर्गणी काढते, हिशोब देते. पण एखाद्यानं वर्गणी दिलीच नाही तर कमिटी फार तर त्याचं नाव फलकावर लिहीत नाही. घरपट्टी थकली तर पंचायत मागणी बिल देते, मग नोटीस काढते, आणि शेवटी जप्तीपर्यंत जाऊ शकते. सगळ्यांच्या गरजेचं काम ठरवणं, त्याचा खर्च सगळ्यांवर वाटणं आणि न ऐकणाऱ्यालाही ऐकायला लावणं, ही तीन कामं एका ठिकाणी आली की त्याला सरकार म्हणायचं. तिसरं काम धोक्याचं आहे, म्हणून त्याला कायद्याचं वेसण लागतं. त्याकडे पुढं येतो.

तुमच्या गावात सध्या कुठल्या तऱ्हेचं राज्य आहे?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या राज्यपद्धती पाहायला परदेशी जावं लागत नाही. ग्रामसभा ही थेट लोकशाही, सगळे मतदार समोरासमोर. पंचायत ही प्रातिनिधिक, लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य, २०११ पासून निम्म्या जागा बायकांना. सरपंचाचं मात्र आपल्या राज्यानं दोन्ही बाजूंनी करून पाहिलं आहे. आधी सदस्य सरपंच निवडायचे, जसे आमदार मुख्यमंत्री निवडतात. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून आला. २०२० ला ते रद्द झालं, २०२२ ला पुन्हा थेट झालं.

तुमचा ठराव अडेल कुठं ते यावरून कळतं, म्हणून हे सांगतोय. सदस्यांतून आलेला सरपंच सदस्यांना धरून असतो, तिथं चार सदस्य पटवले की काम होतं. थेट निवडून आलेला एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, अशा गावात मासिक सभेत दर महिन्याला पाय ओढले जातात. सदस्यांनी अविश्वास आणला तरी थेट निवडलेला सरपंच तेवढ्यानं जात नाही, प्रकरण ग्रामसभेपुढं गुप्त मतदानाला यावं लागतं. असल्या गावात मासिक सभेच्या नादी लागू नका, विषय सरळ ग्रामसभेत आणा. तिथं दोन्ही पॅनेलना लोकांदेखत ‘नको’ म्हणायला जड जातं.

निवडणूक लांबली की प्रशासक, म्हणजे नेमलेला सरकारी अधिकारी, बसतो. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या काही वर्षं अशाच चालल्या. फाइल लवकर फिरते, हे मी नोकरीतला माणूस असून कबूल करतो. पण नळाला पाणी आलं नाही म्हणून पारावर कुणाला अडवायचं, तर अडवायला माणूसच नसतो.

आणि लिलाव. देवळाला जास्त देणगी देईल तो सरपंच, असा बिनविरोधचा सौदा. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं याच कारणावरून जानेवारी २०२१ मध्ये रद्द केल्या. देणगी देवळाला जाते म्हणून त्यात वावगं काय, असं विचारणारे आजही भेटतात. पद विकत घेतलेल्या माणसाला ग्रामसभेत तुम्ही काय म्हणून हिशोब विचारणार?

सभेच्या आधी

पहिलं, मतदार यादीत नाव गावात आहे का ते पाहा. पुण्यात नाव हलवलंय आणि जत्रेला येऊन गावच्या सभेत तावातावानं बोलताय, तर लोक ऐकतील, पण मत धरता येणार नाही. बोलायचंच असेल तर भावाला, वहिनीला तयार करा आणि तुम्ही कागद लिहून द्या. याचा उपयोग जास्त होतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. सरपंचानं पुरेशा कारणाशिवाय सभा टाळल्या तर पद जाऊ शकतं, त्यामुळे सभा होते. निदान कागदावर तरी होते. नोटीस सात दिवस आधी लागते. ती पंचायतीच्या फलकावर आहे का ते स्वतः जाऊन पाहा आणि तारखेसह फोटो काढा.

विषय लेखी द्या, नोटीस निघण्यापूर्वी. दोन प्रती न्या. एक कार्यालयात, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. पोच नसलेला अर्ज आणि पारावरच्या गप्पा यात कार्यालय फरक करत नाही. उशीर झालाच तर ‘आयत्या वेळचे विषय’ हा शेवटचा मुद्दा असतो. तो अध्यक्षांच्या मर्जीवर असतो, आणि तोवर निम्मी सभा जेवायला गेलेली असते.

एक विषय द्या, फार तर दोन. दहा विषयांची यादी देणाऱ्याला ‘सर्व विषयांवर सविस्तर चर्चा झाली’ या एका ओळीत गुंडाळता येतं. ती ओळ मला चांगली माहीत आहे.

कोरम, सह्या आणि तहकुबी

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. दोन हजार मतदारांच्या गावाला शंभर पुरतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. वर्षानुवर्षं तहकूब सभांवर चाललेली गावं आहेत, ती या नियमामुळेच. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, जुन्याच विषयपत्रिकेवर चालावं लागतं. म्हणजे तुमचा विषय मूळ नोटिशीत असेल तर कमी माणसांतही तो येणारच. सात दिवसांआधीच्या त्या पोचेची किंमत इथं कळते.

हजेरीची सही करताना पानाच्या वर काय आहे ते बघा. सभेची तारीख आणि ‘उपस्थित सभासद’ एवढं असलं तर ठीक. पान कोरं असेल तर आधी वर मथळा लिहायला सांगा. घरी शिपाई रजिस्टर घेऊन आला आणि ‘दादा, एक सही मारा’ म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

सर्वसाधारण सभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती रजिस्टरातच होते. बचत गटातल्या बायकांनी ती खरोखर भरवली तर चित्र बदलतं, कारण पाण्याची वेळ, संडास, दारू हे विषय तिथं बिनबोभाट ठरतात आणि दुसऱ्या दिवशी ठरूनच येतात.

दारूचं सांगतो. गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं तर एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी निवेदन द्यायचं, मग गुप्त मतदान, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. ती आलेल्यांच्या निम्मी धरत नाहीत, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्मी धरतात. मुंबईला मुलाकडे गेलेली म्हातारी, नांदायला गेलेली पण यादीत राहिलेली लेक, या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात गेल्यासारख्याच. प्रचाराआधी मतदार यादी घेऊन बसा आणि नावावर बोट ठेवून विचारा, ही कुठं आहे, तिला कोण आणणार.

ठराव असा लिहा

सभेत काय बोललात याला महत्त्व आहे, पण ते संध्याकाळपर्यंत. टिकतं ते प्रोसिडिंग बुकात उतरलेलं. गावाकडं ज्याला ‘प्रोसिडिंगला घेणं’ म्हणतात ते हेच. लिहिणारा ग्रामसेवक, आणि घाईत त्याला सुचेल ते तो लिहिणार. म्हणून ठरावाचा मसुदा तुम्हीच खिशातून न्या.

सभेत साधारण असं उतरतं: ‘गावातील गटारांबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ यात कुठलं गटार, कोण करणार, कशातून, कधी, काहीच नाही. या ठरावाचं आयुष्यात काही होत नाही.

याऐवजी हे द्या:

‘विषय: वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते ओढा या रस्त्यालगत बंदिस्त गटार बांधणे. ठराव: सदर काम चालू वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे. खर्च वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करावा. अंदाजपत्रक पुढील मासिक सभेपूर्वी तयार करून घ्यावे व पुढील ग्रामसभेत प्रगती सांगावी. सूचक: …. अनुमोदक: …. ठराव सर्वानुमते मंजूर.’

‘बंधित’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. १५व्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून मिळणारा, पैसा पंचायतीकडे दोन भागांत यायचा. ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छता यावरच घालायचा. ४० टक्के अबंधित, त्यातून रस्ता, दिवे वगैरे. सांडपाण्याचं गटार स्वच्छतेत बसतं, म्हणून त्याला मोठ्या भागातून मागा. रस्त्याची मागणी बंधितमधून केलीत तर ‘बसत नाही’ म्हणून परत येते आणि ते उत्तर बरोबर असतं. आयोग बदलला की टक्के बदलू शकतात, ठराव लिहिण्याआधी त्या वर्षीचं वाटप कार्यालयात विचारून घ्या. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातलेही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखलेले असतात. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचं काय केलं, हा प्रश्न सभेत विचारून बघा. शांतता पसरते.

सूचक तुम्ही असाल तर अनुमोदक दुसऱ्या आळीचा, जमलं तर दुसऱ्या पॅनेलचा धरा. विरोध असेल तर हात वर करून मोजायला लावा आणि आकडे लिहायला लावा. तुम्ही स्वतः विरोधात असाल तर ‘माझा विरोध नोंदवा’ असं नावानिशी म्हणा. ‘सर्वानुमते’ हा शब्द ग्रामसेवकाच्या हाताला सवयीनं येतो.

शेवटी, सभा उठण्याआधी, ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. एवढी एक गोष्ट केलीत तरी बरंचसं साधेल.

ग्रामसभेला काय करता येत नाही

शंभर हात वर आले म्हणून काहीही ठरत नाही. एखाद्या घराशी बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही, त्याच्या लग्नाला जायचं नाही, असा ‘ठराव’ कुणी मांडला तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. जातपंचायत आणि ग्रामपंचायत यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी हाच कायदा दाखवतो. न ऐकणाऱ्याला ऐकायला लावायचा जो अधिकार, त्याला इथं वेसण आहे.

उलट, कायद्यानं सांगितलेलं नसतानाही ग्रामसभा पुष्कळ करू शकते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं. कुणाला दंड नाही, शिक्षा नाही. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तोच कित्ता सांगितला. गावाचा कागद मंत्रालयात जाऊन राज्याचा झाला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं त्याहून खोल आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथं हात मोजत नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बसतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांतलं ते एक. पण हक्काचा कागद मिळून बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा पास वन खात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये त्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हा कुठं हक्क खरा झाला. ज्याच्याकडे पावतीपुस्तक, त्याच्याकडे सत्ता, हे मी नोकरीत रोज पाहिलं आहे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात तुम्ही राहत असाल तर १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम वाचाच. तिथं पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते आणि तिचे अधिकार आमच्या माणच्या ग्रामसभेपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

सभेनंतर

आठ-पंधरा दिवसांनी ठरावाची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मुदत तीस दिवसांची, पुढं पहिलं अपील. ‘ग्रामसभेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व हजेरीच्या पानांची साक्षांकित प्रत’ असं लिहा. नेमकं मागितलं की ‘माहिती विस्तृत आहे’ हे उत्तर देता येत नाही.

काम आराखड्यात बसलं का, पैसे कुठल्या कामावर पडले, हे ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. काम ‘पूर्ण’ दिसतंय आणि ओढ्याकडे गटारच नाही, असं निघालं तर त्या पानाची छापील प्रत, जागेचा फोटो आणि ठरावाची नक्कल एकत्र टाचा. पहिला अर्ज गटविकास अधिकाऱ्याला पंचायत समितीत. महिनाभरात हालचाल नाही झाली तर त्याच्या पोचेची प्रत जोडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, जिल्हा परिषदेत. एकदम मंत्र्याला पाठवू नका, तो अर्ज शेरा मारून फिरत फिरत महिन्या-दोन महिन्यांनी त्याच गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो.

आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असतो. लोक त्या वेळी बाहेर तंबाखू मळत उभे असतात. तुम्ही मात्र आत, नक्कल हातात घेऊन बसा, आणि वाचलेलं नकलेशी ताडून बघा.